झाडाखाली पडलेल्या वसंतातून: पळसाचा रंग, आंब्याचं तोरण, साखरेच्या गाठी आणि कुंडीत पुरलेलं सुगड

माझं माहेर चंद्रपूरकडचं. होळीच्या आधी पंधरा दिवस आजी आम्हाला सकाळी सकाळी टोपली देऊन बांधावरच्या पळसाखाली पाठवायची. झाडावर चढायचं नाही, फांदी ओढायची नाही, खाली पडलेलीच फुलं वेचायची, एवढाच नियम. आता पुण्यात राहते. सोसायटीची छोटी बाग आणि घराची गॅलरी एवढंच हाताशी आहे, पण वसंतातलं माझं बरंचसं काम अजून त्याच नियमाने चालतं.

आपल्याकडचा वसंत हा पानगळीचाही काळ असतो. माघ-फाल्गुनात पळस, सावर, साग सगळे उघडे होतात, आणि त्याच वेळी आंब्याला तांबूस कोवळी पालवी फुटते. म्हणजे घर सजवायला आणि बाग उन्हाळ्यासाठी तयार करायला लागणारं बरंचसं सामान या दोन महिन्यांत जमिनीवर पडलेलं मिळतं. खाली दिलेल्या सगळ्या गोष्टी मी दरवर्षी करते. क्रम साधारण पंचांगाचाच आहे, होळीपासून चैत्रापर्यंत, आणि मग बाग.

पळसाच्या फुलांचा रंग

पळस ओळखणं सोपं. पळसाला पानं तीनच, पण फुलायच्या वेळी तीही बहुतेक गळून गेलेली असतात आणि नुसतं शेंदरी झाड उभं दिसतं. पोपटाच्या चोचीसारखी वाकडी पाकळी आणि तिच्या बुडाशी काळपट, मखमली टोपी. ही टोपी महत्त्वाची आहे, कारण ती काढली नाही तर रंग मळकट येतो. फुलं घरी आणली की आधी कागदावर पसरून अर्धा तास ठेवा, म्हणजे मुंग्या निघून जातात. मग एकेक फूल धरून टोपी चिमटीने ओढायची. पाकळ्या अलगद सुटतात. सुती कापडावर सावलीत तीन-चार दिवस वाळवा. उन्हात वाळवल्या तर रंग उडतो. कुरकुरीत झाल्या की कोरड्या बरणीत भरा. वर्षभर टिकतात.

होळीसाठी रंग करायचा तर 1 लिटर पाण्याला दोन मुठी वाळलेल्या पाकळ्या घ्या. कडकडीत पाणी ओता, झाकण ठेवा, रात्रभर राहू द्या. सकाळी मंद आचेवर वीस मिनिटं तापवा, खळखळून उकळू नका. फडक्यातून गाळून पिळून घ्या. सोनेरी पिवळं, किंचित केशरी झाक असलेलं पाणी मिळतं. ताज्या फुलांचं करायचं असेल तर फुलं दुप्पट-तिप्पट घ्यावी लागतात. हे पाणी एक-दोन दिवसांत आंबतं, म्हणून धुळवडीच्या आदल्या रात्रीच भिजत घाला.

रंग जास्त केशरी व्हावा म्हणून काही जण त्यात पानाचा चुना घालतात. चुन्याने रंग खरंच गडद होतो. पण जे पाणी अंगावर, मुलांच्या डोळ्यांत जाणार आहे त्यात चुना घालू नका. चुना डोळ्यांना इजा करतो. खेळायला सोनेरी रंगच छान आहे.

आता याच पाकळ्यांनी कापड रंगवायचं असेल तर ते थोडं सबुरीचं काम आहे, पण माझं सगळ्यात आवडतं. सुती कापड वनस्पतीचा रंग सहजी धरत नाही. आधी त्याला हिरड्याचं आणि तुरटीचं पाणी पाजावं लागतं. हिरड्यातला तुरटपणा धाग्याला चिकटतो, त्याला तुरटी धरते, आणि तुरटीला रंग. ही साखळी मधेच तुटली की पहिल्याच धुण्यात रंग वाहून जातो. 100 ग्रॅम कापडाचं, म्हणजे साधारण चार-पाच हातरुमालांचं, माप असं:

1. कापड धुण्याच्या सोड्यात उकळून घ्या. कोऱ्या कापडातली खळ पूर्ण निघाली पाहिजे. थेंब टाकून बघा. पाणी लगेच शोषलं गेलं तर कापड तयार.
2. 20 ग्रॅम हिरड्याची पूड 2 लिटर गरम पाण्यात कालवा, कापड रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी पिळा, न धुता उन्हात सपाट वाळवा. कापड फिकट लोण्याच्या रंगाचं होतं.
3. 15 ग्रॅम तुरटी कोमट पाण्यात विरघळवून त्यात कापड निदान दोन तास ठेवा. पिळून घ्या.
4. 100 ग्रॅम वाळलेल्या पाकळ्यांचा काढा करा, गाळा, त्यात कापड मंद आचेवर पाऊण तास ठेवा आणि अधूनमधून हलवत राहा. गॅस बंद करून त्याच पाण्यात थंड होऊ द्या.
5. साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा.

भांडं स्टीलचंच घ्या. एकदा माझ्याकडून घाईत लोखंडी कढई वापरली गेली आणि चारही रुमाल राखाडी निघाले. लोखंड आणि हिरडा एकत्र आले की काळाच रंग होतो. पूर्वी काळा रंग करायची पद्धत हीच होती. आणखी एक सांगते. पळसाचा पिवळा रंग उन्हात फिका पडतो. म्हणून खिडकीच्या पडद्याला नको. रुमाल, ताटावरची झाकणी, देवाच्या पाटावरचं वस्त्र यांना वापरा.

आंब्याच्या पानांचं तोरण

पाडव्याच्या आदल्या दिवशी बाजारात तयार तोरणं मिळतात, पण त्यांतली पानं बऱ्याचदा स्टेपलरच्या पिनांनी टोचलेली असतात. त्या पिना मग पाचोळ्यात आणि मातीत जातात. सुतळीत पानं ओवायला फार तर अर्धा तास लागतो.

पानं निवडताना तांबूस कोवळी घेऊ नका, दोन तासांत माना टाकतात. गडद हिरवी, वीतभर लांब, डाग नसलेली घ्या आणि देठ अर्धा बोट ठेवून तोडा. देठातून चीक येतो. तो हाताला लागला तर काहींना खाज सुटते, पुरळ येतं, म्हणून तोडल्या तोडल्या पानं पाण्याच्या बादलीत टाका. नंतर ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा.

तीन फुटांच्या दाराला अठरा ते वीस पानं आणि मधे मधे लावायला दहा-बारा झेंडूची फुलं पुरतात. सुतळी दारापेक्षा दोन वीत जास्त कापा. आता खरी युक्ती. सुतळी दोन्ही हातांच्या चिमटीत धरून तिच्या पिळाच्या उलट दिशेने फिरवा. पेड सुटे होऊन मधे फट पडते. त्या फटीतून देठ आत सरकवा आणि पीळ सोडा. सुतळी देठाला स्वतःच आवळून धरते. ना गाठ, ना दोरा. पहिली दोन-तीन पानं निसटतील, मग अंदाज येतो. देठ फार आखूड असेल तर पानाचं वरचं टोक सुतळीवरून मागे दुमडा आणि खराट्याच्या काडीचा बोटभर तुकडा टाका घालावा तसा आरपार टोचा. झेंडू मात्र सुईनेच, फुलाच्या हिरव्या देठाकडच्या जाड भागातून ओवायचा. पाकळ्यांतून ओवला तर संध्याकाळपर्यंत गळून पडतो.

तोरण उतरवलं की पानं पाचोळ्याच्या पोत्यात, सुतळी पुढच्या कामाला.

साखरेच्या गाठी

गुढीला कडुलिंबाच्या डहाळीशेजारी गाठी लागतेच, आणि घरी केलेली मुलं जास्त हौसेने गळ्यात घालतात. लागतं फार थोडं: 1 वाटी साखर, पाव वाटी पाणी, 1 चमचा दूध, थोडं तूप, जाड पांढरा सुती दोरा. साच्यासाठी आप्पेपात्र किंवा छोट्या वाट्या.

आधी साचे तयार ठेवा, कारण पाक झाल्यावर शोधाशोध करायला वेळ मिळत नाही. साच्यांना तुपाचा हात फिरवा, आणि एकच लांब दोरा सगळ्या साच्यांच्या मधून, तळाला टेकेल असा, आडवा सोडा. म्हणजे सगळे बत्तासे एकाच माळेत येतात.

साखर आणि पाणी मध्यम आचेवर ठेवा. उकळी आली की दूध घाला. मळी वर येते, ती काढून टाका. पाक घट्ट होऊ लागला की थेंब थंड पाण्याच्या वाटीत टाकून बघत राहा. तो विरघळून गेला तर अजून वेळ आहे. बोटांनी त्याची मऊ गोळी वळता आली की लगेच गॅस बंद करा. आता चमच्याने एका दिशेने घोटायला लागा. पाक आधी काचेसारखा असतो, मग कडेला दुधाळ दिसू लागतो आणि चमच्याला जड लागतो. त्याच क्षणी साच्यांत ओता. पाच सेकंद उशीर झाला तर तो पातेल्यातच दगड होतो. तसं झालं तर दोन चमचे पाणी घालून पुन्हा गरम करा आणि पुन्हा गोळीपर्यंत आणा. काही वाया जात नाही.

वीस मिनिटांनी साचा उलटा करून हलकेच ठोकला की माळ सुटते. पिवळी गाठी हवी असेल तर दुधात केशराच्या दोन काड्या भिजवून घ्या. ओतायचं काम मोठ्यांनीच करावं. साखरेचा पाक उकळत्या पाण्यापेक्षा जास्त भाजतो आणि कातडीला चिकटून राहतो.

फ्लॅटमधलं चैत्रांगण

चैत्र महिनाभर अंगणात काढायची ही रांगोळी. गौरीचा झोपाळा, सूर्य-चंद्र, गोपद्मं, शंख, चक्र, गदा, कमळ, कासव, नाग, तुळशीवृंदावन, स्वस्तिक. अंगण नसलं तर दीड-दोन फुटांची प्लायवूडची फळी घ्या. चार चमचे गेरूमध्ये एक चमचा मैद्याची शिजवलेली पातळ खळ आणि लागेल तेवढं पाणी घालून ताकाएवढं सरसरीत करा. फडक्याने दोन हात द्या, मधे पूर्ण वाळू द्या. खळ घातली की गेरू हाताला लागत नाही. त्यावर रोजची कोरडी रांगोळी काढून पुसता येते. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे महिनाभर फळी वापरात राहते. तांदळाच्या पिठाने काढलीत तर मुंग्या आणि चिमण्या ती खातात, मला तेच आवडतं. आधी गौरीचा झोपाळा मधोमध काढा आणि बाकीची चिन्हं भोवतीने भरा. कडेपासून सुरुवात केली की शेवटी गौरीलाच जागा उरत नाही.

कुंडीत पुरलेलं सुगड

बागेसाठी मला एकच गोष्ट सांगायची परवानगी असती तर मी ही सांगितली असती. एप्रिल-मेमध्ये गावी जायचं म्हटलं की झाडांना पाणी कोण घालणार हा प्रश्न असतोच. संक्रांतीची सुगडं माळ्यावर पडलेली असतात. ती बाहेर काढा.

भाजलेल्या मातीच्या भांड्याला डोळ्याला न दिसणारी छिद्रं असतात. माठातलं पाणी त्यांतूनच झिरपून गार होतं. हेच भांडं मातीत पुरलं तर भोवतालची कोरडी माती पाणी ओढून घेते, आणि माती ओली झाली की ओढ कमी होऊन झिरपणंही मंदावतं. झाड जेवढं पितं तेवढंच पाणी भांडं देतं. वरचा थर कोरडा राहतो, त्यामुळे पाण्याची वाफ कमी होते आणि तणही कमी उगवतं. चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीविषयक लिखाणात पुरलेल्या मडक्याच्या पाण्यावर वेल वाढवण्याची रीत सांगितलेली आहे.

भांडं रंगवलेलं किंवा चकाकी दिलेलं नको. त्याची छिद्रं बुजलेली असतात. परीक्षा सोपी आहे. पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी भांड्याचं अंग ओलसर आणि कागद भिजलेला असला तर ते चालेल. सुगडाला तडा असेल, पाणी तासाभरात निघून जात असेल, तर ते पुढे सांगितलेल्या करवंट्यांच्या जोडीला छोटी कुंडी म्हणून वापरा.

बारा-चौदा इंची कुंडीला एक सुगड, जमिनीतल्या वाफ्याला तीन ते पाच लिटरचं मडकं. वाफ्यात दोन मडक्यांमधे साधारण दोन हात अंतर ठेवा. खड्डा भांड्यापेक्षा थोडा मोठा करा, भांडं ठेवा आणि कडेने भुसभुशीत माती बोटांनी दाबत भरा. पोकळी राहिली तर तिथून पाणी मातीत जात नाही. तोंड मातीच्या वर बोटभर राहू द्या. रोपं भांड्यापासून वीतभर अंतराच्या आत लावा. टोमॅटो, मिरची, दोडका, काकडी यांना हे फार मानवतं. पहिले दोन आठवडे वरूनही पाणी घालत राहा, मुळं भांड्यापर्यंत पोचायला तेवढा वेळ लागतो. नंतर माझ्या गॅलरीतलं सुगड एक-दोन दिवसांत रिकामं होतं, वाफ्यातलं मोठं मडकं चार-पाच दिवस जातं. म्हणून गावी जायच्या आधी मी कुंड्या सावलीत आणते आणि एका कुंडीत एकाऐवजी दोन सुगडं पुरते.

तोंडावर पणती उलटी घालून घट्ट झाका, नाहीतर डास अंडी घालतात. बोअरचं जड पाणी असेल तर वर्षभरात भांड्यावर पांढरा थर धरतो आणि झिरपणं कमी होतं. पावसाळ्यात भांडं काढून व्हिनेगर आणि काथ्याने घासा, उन्हात वाळवा.

पाचोळा आणि करवंट्या

पाचोळा जाळू नका. धूर सगळ्या इमारतीच्या छातीत जातो आणि कुंड्यांना हवं असलेलं आच्छादन राख होऊन जातं. निम्मा पाचोळा हाताने चुरून कुंड्यांत दोन इंच जाड पसरा. खोडाला मात्र चिकटू देऊ नका, दोन बोटं जागा सोडा.

उरलेला गोणपाटाच्या पोत्यात भरा. माझं पहिलं पोतं पूर्ण फसलं. कोरडा पाचोळा दाबून भरला आणि विसरून गेले. पावसाळ्याच्या तोंडावर उघडलं तर पानं जशीच्या तशी. त्यांना ओल आणि जिवाणू दोन्ही लागतात. आता मी एक थर पाचोळा, त्यावर शेणपाण्याचा किंवा आंबट ताकाच्या पाण्याचा शिडकावा, मूठभर जुनी माती, पुन्हा पाचोळा असं भरते. मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा पण पाणी गळू नये, एवढी ओल. आठवड्याला एकदा पोतं आडवं करून लोळवायचं आणि कोरडं वाटलं तर पाणी शिंपडायचं. आंब्याची पानं जाड, त्यांना वेळ लागतो, म्हणून ती फाडून घाला. होळीला भरलेलं पोतं पावसाळा संपता संपता काळंभोर होतं.

करवंटीची टांगती कुंडी करायला नारळाचा डोळ्यांकडचा अर्धा भाग घ्या. तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, कोंब तिथूनच येतो. स्क्रूड्रायव्हरने तो सहज उघडतो आणि पाणी निघायला छिद्र आयतं मिळतं. करवंटी दोन दिवस उन्हात ठेवली की उरलंसुरलं खोबरं सुटतं. काठावर सारख्या अंतरावर तीन भोकं पाडा, सुतळी ओवा, तळाला नारळाच्या शेंडीचा गोळा घाला आणि माती भरा. चिनी गुलाबाची काडी खोचली तरी उन्हात फुलते.

पक्ष्यांचं पाणी

कुंभाराकडचं परळ घ्या, पसरट आणि खडबडीत. चिनी मातीच्या गुळगुळीत बशीत पक्ष्यांचे पाय सटकतात. पाणी दीड-दोन इंचांपेक्षा खोल नको. मधे एक सपाट दगड ठेवा, तो पाण्याच्या वर डोकवायला हवा. चिमणी, बुलबुल आधी दगडावर उतरतात, इकडेतिकडे बघतात, मगच पाण्याकडे वळतात. मांजर दबा धरून बसेल अशा झुडपापासून परळ चार हात लांब, अर्धवट सावलीत ठेवा.

पाणी रोज बदला, आणि नुसतं ओतून पुन्हा भरू नका. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी भांड्याच्या काठाला चिकटून राहतात, म्हणून काथ्याने कडा घासून काढा. साबण नको. पहिला आठवडा कोणी फिरकलं नाही तरी जागा हलवू नका, पक्ष्यांना ओळख पटायला वेळ लागतो.

मे महिन्याच्या सुमारास पुन्हा एकदा पळसाखाली जा. चपट्या, कागदासारख्या शेंगा पडलेल्या असतात. त्यांच्या टोकाला एकच बी असतं, तिलाच पळसपापडी म्हणतात. पाच-सहा आणून पहिल्या पावसात खोल पिशवीत बोटाच्या पेराएवढ्या खोलीवर पेरा. पळसाचं सोटमूळ भराभर खाली जातं, म्हणून उथळ पिशवी चालत नाही. बी ताजीच पेरायची, फार दिवस ठेवून दिली तर रुजण्याचं प्रमाण कमी होतं.